डावीकडची काच

अण्णांच्या हातातून गाडी काढून घ्यायचं ठरलं, तेव्हा आसावरी आपल्या लेकीला, वाणीला, नाचणीची पेज भरवत होती.

"सोमवारपासून रघुपती येतोय," तिचा नवरा सुधींद्र ताटातून मान वर न करता म्हणाला. "बनशंकरीला एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आहेत. अण्णा, तुम्ही नुसतं पानं मोजून द्या. गाडी तो चालवील."

अण्णा ताकभात कालवत राहिले. भात केव्हाच कालवून झाला होता.

अण्णांचा, म्हणजे आसावरीच्या सासऱ्यांचा, कृष्णमूर्तींचा, राजाजीनगरात केळीच्या पानांचा धंदा होता. बेंगळुरात लग्न असो, मुंज असो की श्राद्ध असो, पंगत बसली की पान लागतंच. तीस वर्षांपूर्वी सायकलच्या कॅरिअरला पानांचे गड्डे बांधून त्यांनी सुरुवात केली आणि सहा वर्षांपूर्वी ही पांढरी पिकअप घेतली. ड्रायव्हर कधी ठेवला नाही. पहाटे मार्केटात जायचं, गड्डे पारखून घ्यायचे, सात-साडेसातला पंगतीच्या ठिकाणी पोचवायचे आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्या भरून परत यायचं. गल्लीतले लोक त्यांना नावानं कमी आणि हॉर्नवरून जास्त ओळखायचे.

दसऱ्यानंतर मात्र काय झालं कोण जाणे. आधी एका कल्याणमंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, फाटकाला गाडी घासली. मग एका दूधवाल्याच्या सायकलीला धक्का लागून किटल्या रस्त्यावर लवंडल्या. आणि गेल्या आठवड्यात मोपेडवरची एक कॉलेजातली मुलगी फुटपाथच्या कडेला दाबली गेली. तिला खरचटण्यापलीकडे काही लागलं नव्हतं. पण ती रस्त्यात बसून जी रडली, ते अण्णांनी पाहिलं आणि त्यांनी स्वतःच किल्ली काढून धावत आलेल्या सुधींद्रच्या हातात दिली.

"पांढरं दिसतं," एवढंच ते म्हणाले होते. "धुकं आल्यासारखं."

त्यांच्या वडलांची नजर साठीत गेली होती. अण्णा बासष्टचे होते.

चष्मा बदलून झाला होता, तरी बुधवारी अण्णांना पुन्हा चष्म्याच्या दुकानात न्यायचं होतं. सुधींद्रनं गाडी दुकानाच्या दारासमोर उभी केली आणि तो बँकेत गेला. वाणीला कडेवर घेऊन आसावरी अण्णांबरोबर आत गेली.

दुकानात काचा घासायच्या चाकापाशी फत्तेसिंगमामा बसायचे. चार पिढ्या बेंगळुरात काढलेला मराठा माणूस. मराठी बोलायला मिळालं की काम बाजूला ठेवायचे. त्यांनी अण्णांचा चष्मा दिव्यासमोर धरला, फिरवला, फुंकर मारली.

"नंबर बरोबर आहे की, कृष्णमूर्ती. काच सुद्धा स्वच्छ. घरात पांढरं दिसतंय?"

"नाही."

"पेपर वाचताना?"

"नाही हो."

"मग कुठं दिसतंय? स्वप्नात?"

"गाडीत," अण्णा जरा चिडून म्हणाले. "सकाळी बनशंकरीकडं जाताना. आणि संध्याकाळी परतताना."

"कुठल्या बाजूला?"

अण्णांनी विचार केला. "डावीकडं."

आसावरीनं सहज दाराबाहेर पाहिलं. पिकअपवर तिरकं ऊन आलं होतं. समोरची काच काळीभोर, लख्ख. डाव्या दाराची काच मात्र दूध सांडल्यासारखी पांढरीफटक पेटली होती. तिच्यावर हजार बारीक रेघा, सगळ्या गोल गोल, हातानं पुसल्यासारख्या.

तिच्या हातानं पुसल्यासारख्या.

वाणीनं तिचं मंगळसूत्र ओढलं, तरी तिला कळलं नाही.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार आणि यंत्र धुऊन-पुसून निघायचं. अडकित्ता, विळी, शिलाई मशीन, गाडी. लग्न होऊन पुण्याहून आली त्या वर्षी तिला हे सगळं नवं होतं. गेल्या वर्षी पोटात वाणी होती म्हणून कुणी काही करू दिलं नाही. या वर्षी तिनं हौसेनं गाडी मागून घेतली. डाव्या काचेवर पाण्याचे डाग धरले होते, काही केल्या जाईनात. कंदिलाच्या काचा आजी राखेनं पुसायची, हे तिला आठवलं. गॅसच्या घरात राख कुठली? देवघराजवळ रांगोळीचा डबा होता. पितळेची समई ती रांगोळीनंच तर लखलखीत करायची. कोरड्या फडक्यावर मूठभर रांगोळी घेऊन तिनं काच अशी घासली होती, की डागाचं नाव राहिलं नाही. अण्णा म्हणाले होते, "व्वा, पुण्याचा हात!"

फाटक डाव्या बाजूला घासलं होतं. दूधवाला डावीकडून आला होता. मोपेडही डावीकडंच. बनशंकरीला जाताना सकाळचं ऊन डावीकडून यायचं आणि परतताना संध्याकाळचंही डावीकडूनच. त्या उन्हात त्या काचेतून डावा आरसा दिसणं शक्यच नव्हतं. सुधींद्र एरवी गाडी न्यायचा ती भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, आणि आज येताना ऊन मागून होतं. त्याला कसं कळावं?

तिला तिथल्या तिथं सांगावंसं वाटलं. पण अण्णा चष्मा नाकावर चढवून भिंतीवरची अक्षरं एकेक ओळ खाली उतरत, पुटपुटत वाचत होते, आणि तिनं वाणीला नुसतं दुसऱ्या कडेवर घेतलं.

दुपारी ती वाणीला घेऊन एकटीच पुन्हा दुकानात आली. सगळं सांगितलं. फत्तेसिंगमामांनी कपाळावर हात मारला.

"अगं पोरी, रांगोळी म्हंजे दगड की! दगडानं काच पुसलीस?"

"जाईल का ते?"

"नख फिरव. नख अडकलं, तर ती रेघ जन्माची. नख सरकलं, तर जाते." त्यांनी एका डब्यातून गुलाबीसर पूड कागदात बांधली, चष्म्याच्या काचांना शेवटचा हात देतात ती. वर नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा दिला. "ताकासारखं पातळ कालवायचं. काच सुकू द्यायची नाही, तापू द्यायची नाही. आणि एकाच जागी रगडत बसू नको, खड्डा पडला तर पलीकडचा माणूस वाकडा दिसतो. आमच्या चाकावर धरलं की काम होतं, पण दार काही चाकावर बसत नाही. हातानं करायचं, तर चिकाटी पाहिजे. ती काही मी विकत नाही, हां."

गॅरेजवाल्यालाही तिनं गाठलं. काच खाली करून ठेवता आली असती, तर प्रश्नच नव्हता. पण पावसाळ्यात तिचं हँडल तुटलं आणि त्यानं ती वरच्या वर पक्की बसवून टाकली होती. "आता दार खोललं तर काच फुटते, ताई," तो म्हणाला. "नवी काच मागवतो. पंधरा दिवस."

सोमवारला पाच दिवस होते.

संध्याकाळी तिनं सुधींद्रला गच्चीवर नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"म्हणजे रांगोळीनं गाडी ठोकली?"

"अहो, चेष्टा नाही. उन्हात बघा ती काच एकदा."

"ऊन सगळ्यांच्याच डोळ्यांवर येतं. अण्णांना वाईट वाटू नये म्हणून तू उद्या म्हणशील, ब्रेकसुद्धा तूच मोडलास."

"मी खोटं बोलतेय असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही गं." त्यानं कठड्यावर दोन्ही हात टेकले. "त्या मुलीला मी हात धरून उठवलं, आसावरी. पुढच्या वेळी उठवायला कुणी उरलं नाही तर? एका काचेच्या भरवशावर मी अण्णांना रस्त्यावर सोडू?"

याचं उत्तर काचेतच होतं.

"अण्णांना अजून सांगू नका," ती म्हणाली. "काच नीट होईपर्यंत."

"झालीच नाही तर?"

"होईल."

वाणी दिवसातून दोनदा झोपायची. सकाळी पाऊण तास, दुपारी तास-सव्वा तास. तेही तिच्या मर्जीनं. गुरुवारी सकाळी पाळणा हलायचा थांबला तशी आसावरी वाटी, नमदा आणि तांब्याभर पाणी घेऊन गाडीपाशी गेली. आधी नख फिरवलं. जवळजवळ सगळीकडं सरकलं. खालच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी अडकलं. मग आत बसून वाणीच्या काजळानं तिनं काचेची सोळा घरं आखली, कारण रेघा सगळ्या बाहेरून होत्या. बाहेर उभी राहिली आणि पहिल्या घरावर नमदा टेकवला.

पहिल्या दिवशी दोन घरं झाली. झाली म्हणजे काय, पुसून पाहिलं तर तशीच दिसत होती. दुपारी ऊन कलल्यावर तिनं डोळा बारीक करून पाहिलं, तेव्हा कुठं त्या दोन घरांतलं दूध जरा पाणचट झाल्यासारखं वाटलं. की वाटावं अशी इच्छा होती म्हणून वाटलं, देव जाणे. खांदा भरून आला होता. वाणीला पाजायला घेतलं तर हाताला मूल तोलवेना.

"अय्यो, हे काय चाललंय?" शुक्रवारी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तुंगाबाई घरभर सगळ्यांच्या अक्का. आवाज बारीक, पण दोन घरं ऐकू जाणारा. "अंगावर पिणारं मूल आत, आणि तू इथं भिंतीला पाल चिकटावी तशी गाडीला! समोरच्या घरातली कल्पना विचारते, सुनेला ड्रायव्हर करताय का म्हणून."

"हो म्हणून सांगा, अक्का."

"तोंड बघ! हात बघ ते, गुलाबी झालेत. जेवायला वाढणार आहेस त्या हातांनी?"

आसावरीनं नमदा थांबवला नाही. थांबला की काच सुकायची. तिनं घासत घासत सांगितलं. रांगोळीपासून सगळं. अक्का ऐकत होत्या. रागावतील, निदान 'पुण्याचं शहाणपण' म्हणून एक टोमणा तरी मारतील, असं तिला वाटलं. त्यांनी काचेवरून बोट फिरवून पाहिलं.

"महिना झाला," त्या म्हणाल्या, "हे पूजेला बसले की एक डोळा मिटून समईकडं बघतात. मग दुसरा मिटून. त्यांना वाटतं, मी फुलं निवडतेय."

आतून वाणी रडली. आसावरीनं हात झटकले.

"घास तू," अक्का म्हणाल्या. "मी बघते तिला." आणि दोन मिनिटांनी त्या वाणीला कमरेवर घेऊन, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या धरून परत आल्या. "कुठं टाकायचं पाणी? इथं? आणि पुरुषांना सांगायचं नाही, हां. गाडी धुतोय म्हणायचं."

शुक्रवारी चार घरं झाली, शनिवारी सहा. अक्का पाणी टाकायच्या आणि हुकूम सोडायच्या. "वर राहिलं की ते. आईकडं असंच पुसायचीस काय?" वाणी त्यांच्या कडेवरून वाकून दाराचं हँडल चोखत होती. अण्णा ओटीवर पेपर वाचत असायचे, एकदा बाहेर डोकावले आणि म्हणाले, "रघुपतीसाठी एवढी चमकवताय काय गाडी?" त्या आवाजात कडवटपणाही नव्हता. आसावरीला तेच सहन झालं नाही. तिनं नमदा इतका दाबला की अक्कांनी तिच्या मनगटावर चापट मारली. "हळू. खड्डा पडतो म्हणालीस ना?"

रविवारी चारच्या सुमाराला शेवटचं घर संपलं. तिनं आतलं काजळ पुसलं, काच धुतली, कोरडी केली आणि ऊन खाली यायची वाट बघत ड्रायव्हरच्या खिडकीशी उभी राहिली. ऊन आलं. काचेतून पलीकडचा डावा आरसा दिसला, आरशात नारळवाल्याची गाडी दिसली, गाडीवरचा नारळन् नारळ दिसला. कोपऱ्यातल्या दोन रेघा तेवढ्या चांदीच्या तारेसारख्या चमकत होत्या.

ती तशीच, ओल्या पदरानं, ओटीवर गेली.

"अण्णा, तुमचे डोळे चांगले आहेत."

अण्णांनी पेपर खाली केला.

"काच मी खराब केली होती. आयुधपूजेला. रांगोळीनं घासली. तुम्हाला दिसत होतं ते धुकं त्या काचेचं होतं. आता काढलंय मी. या, बघा."

ते उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "तुला कधी कळलं?"

"बुधवारी. चष्म्याच्या दुकानात."

"आज रविवार."

"काच नीट झाली नसती तर तुम्हाला नुसतं बोलणं वाटलं असतं, म्हणून..."

"पाच आठवडे," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "पाच आठवडे मला वाटतंय की माझी नजर जातेय. तुझ्या पोरीचं तोंड पाठ करत होतो मी. रोज. कान कसे, भुवई कशी. पुढं दिसलं नाही तर निदान आठवावं म्हणून. त्यातले चार दिवस तुला ठाऊक होतं."

तिनं पायाशी बसून माफी मागावी, असं वाटलं. पण माफी मागितली असती, तर अण्णांना 'असू दे' म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं करून किल्ली सुधींद्रकडंच राहिली असती.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "रागवा माझ्यावर. हवं तितके दिवस रागवा. पण उद्या गाडी तुम्ही चालवायची."

"मला जमणार नाही आता."

"का?"

"पाय थरथरतो क्लचवर. त्या मुलीचं रडणं..." ते थांबले. "तुला काय कळणार."

"मला नाही कळणार. पण रघुपतीच्या हातात किल्ली दिलीत, तर तुमच्या डोळ्यांनी दगा दिला असंच कायमचं ठरेल. दगा माझ्या हातानं दिलाय. मला ते तुमच्या नावावर नकोय, अण्णा."

अण्णा उठून आत गेले. जाताना गाडीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी पहाटे पाचला रघुपती हजर झाला. तरुण, केस तेलानं चापून बसवलेले, शर्टाच्या खिशाला पेन. सुधींद्रनं त्याला किल्ली दिली. आसावरी शालीत गुंडाळलेली वाणी घेऊन बाहेर आली आणि सरळ पुढच्या सीटवर चढून डाव्या खिडकीशी बसली.

"हे काय?" सुधींद्र म्हणाला.

"मी येणार. हिला घरी ठेवली तर दोन तासांत दुधासाठी आकांत करील."

"अगं, पण तुझं काय काम तिथं?"

"काच माझी आहे."

सुधींद्रनं आईकडं पाहिलं. अक्का तुळशीला पाणी घालण्यात गर्क झाल्या.

अण्णा सगळ्यात शेवटी आले. कपाळावर गंध-अक्षत, अंगात नेहमीचा खाकी शर्ट. रघुपतीसमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "मार्केटपर्यंत अंधार असतो. नीट नेशील?"

"नेतो, अण्णा."

"सरी, ठीक आहे. माल भरला की तू मागं बसायचं, पानं सांभाळत. तिथून पुढं मी नेतो."

"अण्णा..." सुधींद्रनं तोंड उघडलं.

"तू मध्ये बस. मी चुकलो तर हँडब्रेक तुझ्याच हाताशी आहे."

मार्केटमधून बाहेर पडायला पावणेसात झाले. मागं गड्ड्यांचा ओला हिरवा वास, त्यावर रघुपती. अण्णांनी स्टेअरिंगवर हात ठेवले, पण गाडी सुरू करायला वेळ लावला. आसावरीला क्लचवरच्या पायाशी धोतराची कड हलताना दिसली. तिनं नजर काढून घेतली.

पहिला मैलभर ते इतके हळू गेले की मागचे रिक्षावाले कानडीतून त्यांच्या खानदानाची चौकशी करून पुढं गेले. सुधींद्रनं दोनदा रिकाम्या जागी ब्रेक दाबला. मग रस्ता दक्षिणेला वळला आणि डावीकडून ऊन आलं. थेट, तिरकं, वाणीच्या तोंडावर. वाणी शिंकली.

काच पेटली नाही.

अण्णांची मान किंचित डावीकडं वळली, पुन्हा समोर गेली, पुन्हा वळली.

"लाल सायकल," ते म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही.

"मागं लाल सायकल. तिच्यामागं पांढऱ्या पंचातला माणूस, डोक्यावर टोपलं. त्याच्यामागं बस, अजून लांब." ते स्वतःशीच बोलत होते, दुकानातल्या भिंतीवरची अक्षरं वाचावी तसे, फक्त आता पुटपुटत नव्हते. "मोपेड. मोपेड येतेय आत. बाई आहे. घाईत आहे."

सुधींद्रचा हात हँडब्रेककडं गेला. पण त्याच्याआधीच अण्णांनी वेग कमी केला होता, गाडी उजवीकडं हातभर सरकवली होती. मोपेड डावीकडून फर्रकन निघून गेली. तिच्यावरच्या बाईला आपल्यासाठी काही घडलं याचा पत्ताही नव्हता.

सुधींद्रनं हात परत मांडीवर घेतला. थोड्या वेळानं वाकून, वाणीच्या डोक्यावरून, त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आसावरीकडं मात्र पाहिलं नाही. तेवढा वेळ त्याला लागणारच होता.

"रघुपतीला ठेवू या," अण्णा म्हणाले, जणू किल्ली कधी त्यांच्या हातातून गेलीच नव्हती. "पहाटेचा अंधार त्याचा. उजेडातलं माझं. चालेल ना रे, सुधींद्र?"

"चालेल, अण्णा."

"आणि तू," ते समोर बघत म्हणाले. आसावरी सावरून बसली. "माझा राग गेला नाही अजून."

"हो, अण्णा."

"सांगून ठेवतो."

बनशंकरीच्या मंटपाचं फाटक अरुंद होतं आणि आत स्वैपाक्यांची आरडाओरड सुरू झाली होती. पहिली पंगत नऊची, आणि पानं अजून आली नव्हती. गाडी मागं घेत घेत आत न्यायची होती. दोन्ही बाजूला खांब, डाव्या खांबाला झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या.

सुधींद्र घाईनं आसावरीच्या बाजूनं उतरला आणि गाडीच्या मागं, डाव्या खांबापाशी जाऊन दोन्ही हात हलवायला लागला. "या, या, अण्णा! सरळ! स्वल्प उजवीकडं!"

अण्णांनी डाव्या आरशात पाहिलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "अरे, बाजूला हो! तुझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय ते दिसतंय मला, तुझ्याआडचा खांब तेवढा दिसत नाही!"

सुधींद्रनं खाली मान घालून बटण चाचपलं आणि बाजूला झाला.

"पोरीला घट्ट धर," अण्णा आसावरीला म्हणाले, आणि त्यांनी गाडी मागं घेतली.